डिओगो मॅकजोटा

लिव्हरपूलचा फुटबॉलर जोटा अपघातात गेल्यावर त्याच्याच टीममधल्या अँडी रॉबर्टसनने जे लिहिलं त्यातलं माझ्या डोक्यात काय अडकून बसलं असेल तर "मॅकजोटा". आता हा डिओगो जोटा पोर्तुगालचा, पोर्टोजवळच्या गोंडोमारमध्ये वाढलेला पोरगा, पण रॉबर्टसनच्या मते त्याला आजवर भेटलेल्या परदेशी प्लेअर्समधला सगळ्यात जास्त ब्रिटिश माणूस. बाकीचे चिडवायचे की तू मुळात आयरिशच आहेस, आणि रॉबर्टसन पडला स्कॉटिश, त्यामुळे तो ह्याला स्कॉटलंडच्या खात्यात ओढायचा, त्यातून हे नाव पडलं. दोघं एकत्र बसून डार्ट्स बघायचे, घोड्यांच्या शर्यतीचा नाद दोघांनाही, त्याच सीझनला चेल्टनमला रेस बघून आलेले आणि तिथे जाम धमाल केलेली. लिव्हरपूलसारख्या क्लबचा फॉरवर्ड, नुकतीच प्रीमियर लीग जिंकलेला, आणि जवळचा मित्र त्याच्याबद्दल लिहितोय डार्ट्स आणि घोडे!

आपल्याकडे हे जमत नाही. माणूस गेला की तासाभरात तो मनमिळाऊ, दिलदार आणि अजातशत्रू होतो, चौकात फ्लेक्स लागतो, खाली शोकाकुल समस्त मित्रपरिवार. पण त्याच मित्रपरिवाराने फ्लेक्सवर असं कधी लिहिलंय का की अण्णा कॅरम खेळताना बोर्डावर पावडरचा सडा घालायचे आणि क्वीन घेतल्याशिवाय उठायचे नाहीत? हे सगळं बोललं जातं, पण स्मशानातून परत येताना चहाच्या टपरीवर, आणि तेही आजूबाजूला घरचं कोणी नाही ना बघून. खरी श्रद्धांजली तिथेच होते असं माझं मत आहे.

३ जुलै २०२५. आपल्याकडे दुपार होती, फोनवर बातमी दिसली आणि मी आधी ती फेकच धरली, कारण अकराच दिवसांपूर्वी ह्याचं लग्न झालेलं आणि त्याचे फोटो बघितलेले, लहानपणापासूनची मैत्रीण, तीन मुलं आणि आता रीतसर लग्न. फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमान टाळायला सांगितलेलं म्हणून गाडीने स्पेनमधल्या सँटँडरला जाऊन बोटीने इंग्लंड गाठायचं चाललं होतं अशा बातम्या आल्या. वाटेत झामोरा प्रांतात रात्री अपघात. सोबत धाकटा भाऊ आंद्रे सिल्वा, तोही फुटबॉलरच, पेनाफिएलकडून पोर्तुगालच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळणारा. एक २८, एक २५. आईवडिलांचा विचार मी तेव्हाही केला नाही, आताही करवत नाही.

मग मेसेज सुरू झाले. लिव्हरपूलचा आधीचा मॅनेजर क्लॉप, त्याने लिहिलं की ह्यामागे काहीतरी मोठा हेतू असेलच पण मला तो दिसत नाहीये. लिव्हरपूलमधलाच त्याचा साथीदार सालाह, त्याचं वाचून मात्र मी थांबलो, त्याने म्हटलं की सुट्टीनंतर लिव्हरपूलला परत जायची भीती वाटेल असं काही घडेल हे कालपर्यंत मनातही आलं नव्हतं. ज्याने ऑफिसात शेजारचं टेबल रिकामं झालेलं बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ऑगस्टमध्ये अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, बोर्नमथला ४-२ हरवल्यावर सगळे आत गेले तरी सालाह कॉपसमोर, म्हणजे कट्टर फॅन्सच्या स्टँडसमोर, उभा राहून रडत होता, त्याआधी क्लबने जोटाची २० नंबरची जर्सी कायमची बंद करून टाकलेली.

अंत्यविधीला लिव्हरपूलचा कॅप्टन वॅन डाइकच्या हातात २० नंबरचं फुलांचं चक्र होतं आणि रॉबर्टसनच्या हातात ३० नंबरचं, म्हणजे आंद्रेचं. हे फार आवडलं मला, नाहीतर प्रसिद्ध भावाच्या सावलीत दुसरा तिथेही राहिला असता. रोनाल्डो मात्र आला नाही आणि लोकांनी लगेच हजेरीपट बाहेर काढला. ही खोड जगभर सारखीच दिसते, दहाव्याला कोण आलं, कोणी नुसतं तोंड दाखवलं, सगळ्याचा हिशोब. त्याने नंतर सांगितलं की वडील गेल्यापासून तो स्मशानात गेलेलाच नाही, शिवाय मी गेलो की सर्कस होते. पटलं मला. त्याचा कॅमेऱ्यांचा लवाजमा गोंडोमारच्या त्या चर्चपाशी पोचला असता तर काय झालं असतं!

माझी स्वतःची जोटाची आठवण म्हणजे एप्रिल २०२३ ची टॉटनहॅमविरुद्धची मॅच. रविवार रात्र, लिव्हरपूलला ३-० लीड, आरामात बघत बसलेलो आणि बघता बघता त्यांनी ९३ व्या मिनिटाला ३-३ केलं, मी टीव्ही बंद करायला रिमोट शोधतोय तेवढ्यात पुढच्याच मिनिटाला जोटाने बॉल आत! क्लॉप चौथ्या रेफ्रीसमोर जाऊन असा नाचला की त्याचाच पायाचा स्नायू ओढला गेला. जोटा असाच, अर्धी मॅच दिसायचा नाही आणि मग बरोब्बर तिथे उभा. गेमिंगचंही तसंच येड, २०२१ मध्ये दुखापतीने घरी बसला तर फिफाच्या गेममध्ये लीडरबोर्डवर एक नंबरला जाऊन बसला. गोल मारून मैदानात बूड टेकून हवेत कंट्रोलर चालवायचा ते उगाच नाही.

नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ हरवून १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कप गाठला, तेव्हा कॅप्टन रॉबर्टसन म्हणाला की आज दिवसभर जोटा डोक्यातून जात नव्हता. कतारचा वर्ल्ड कप जोटाचा दुखापतीने हुकला, रॉबर्टसनचा टीमच न पोचल्याने, त्यामुळे पुढच्या वर्ल्ड कपबद्दल दोघं किती बोललेले.

आणि त्याआधी महिनाभर रुबेन नेवेस. पोर्तुगालच्या टीममधला जोटाचा जिगरी, ऑर्लँडोला क्लब वर्ल्ड कपची मॅच खेळून रातोरात पोर्तुगालला येऊन ह्याच्या शवपेटीला खांदा दिलेला. आता पोर्तुगालकडून जोटाचा २१ नंबर तोच घालतो. लिस्बनला आयर्लंडविरुद्ध ०-० चाललेलं, रोनाल्डोने पेनल्टी घालवलेली, आणि इंज्युरी टाइममध्ये नेवेसने हेडर मारला, १-०, देशासाठीचा त्याचा पहिलाच गोल. समोर आयर्लंडच, म्हणजे जोटाचं ते चिडवण्यातलं माहेर, आणि वर रोनाल्डोची हुकलेली पेनल्टी. ड्रेसिंग रूममध्ये जोटाने कोणाला आधी धरलं असतं ते नेवेसच सांगू शकेल.