गाडी उठली, पण तापली
६ वर्षं कव्हरखाली झोपलेली जुनी गाडी आज एकदाची सुरू झाली, आणि १० मिनिटांत काटा लालवर! आधी वॉटर पंपावर संशय घेतला, उगाच. वरचा होज (इंजिनातून पाणी गार करणाऱ्या रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप) गारच होता म्हणजे पाणी इंजिनातच अडकलेलं, मग थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वाट उघडणारी झडप) काढून उकळत्या पाण्यात टाकला, ८२ अंशांना उघडायला हवा पण पठ्ठ्या ढिम्म हलेना. नवीन बसवला तर आता वरचा होज चटका देतोय नि खालचा गार, म्हणजे रेडिएटरपण चोंदलेला. खालून उलटं पाणी सोडलं तर विटकरी गंजाचा गाळ थांबेचना... कूलंट न घालता नुसतं पाणी ठेवलेलं ना, चूक माझीच (बायकोने हे दोनदा सांगितलं). आता कूलंट नि पाणी निम्मं-निम्मं, हवा काढली, काटा मध्यावर. होज तडकलेत, ते उद्या.