माझा अनुभव : पुण्याहून आलेला रिपोर्ट खिडकीत कसा हरवतो

आधी एक सांगून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल. लेकरू तापानं फणफणलेलं असताना रात्री कॅज्युअल्टीत नाव विचारतात, तेव्हा आधारवरचंच नाव सांगा. आमच्या ह्यांनी घरातलं सांगितलं, "चिमी". लेकीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या दोन अक्षरांनी माझे ४१ दिवस खाल्ले.

विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात आमचं लहानसं गाव आहे आणि मी तिथे अंगणवाडी सेविका आहे. लेक ८ वर्षांची, तिसरीत. मागच्या श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला ताप आला, पहाटे तीनला झटका आला. १०८ बोलावली, ग्रामीण रुग्णालय, तिथून शहरातला मोठा दवाखाना, आयसीयूत नऊ दिवस. पोरगी वाचली. त्या दिवसांचं एवढंच लिहिते, कारण मला ते नीट आठवत नाहीत, आणि तेव्हा कुणी आम्हाला अडवलंही नाही.

भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी एक प्रोजेक्टवाली ताई आली. मुलांना मेंदूज्वर कशाकशानं होतो याचा अभ्यास चालू आहे, म्हणाली. आपल्याकडे खूप मुलांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. जपानी मेंदूज्वर असू शकतो, चंडिपुरा नावाचा विषाणू असू शकतो, गवतातल्या किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस असू शकतो, आणि वरून सगळं सारखंच दिसतं, ताप, झटका, बेशुद्धी. स्क्रबवर डॉक्सीसायक्लिनसारखं साधं औषध चालतं. चंडिपुऱ्यावर ना औषध आहे ना लस. म्हणून रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर दोन-तीन प्रकारची औषधं एकदमच सुरू करतात. आमच्या पोरीलाही तसंच केलं होतं.

पाठीतल्या पाण्याचं नाव काढताच सासूबाई रडायला लागल्या. "पाठीत सुई टोचली का पोट्टी लुळी होते माय!" होत नाही. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालून घालतात. आणि ते पाणी संशोधनासाठी नाही, इलाजासाठीच काढायचं होतं. ताईला हवं होतं त्यातलं उरलेलं थोडं, आणि रक्ताची एक नळी. नाही म्हटलं तरी इलाजात फरक पडणार नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. सहा पानांचं माहितीपत्रक मराठीत होतं. मी चारच पानं वाचली आणि सही केली. शेवटची दोन पानं वाचली असती तर हा लेख एवढा लांबला नसता.

नमुना पुण्याला गेला, एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत. आम्ही घरी आलो.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून फिरली, आमची बाजेवर बसून बघत होती. त्याच आठवड्यात आमच्या आळीत फवारणीवाले आले. मातीच्या भिंतींच्या भेगा, कोठा, शेणाचा उकिरडा, सगळीकडे फवारलं. चांगलंच झालं, पण गावानं अर्थ काय काढला, तर बाईच्या घरात रोग आहे. माझ्या अंगणवाडीत पटावर २२ लेकरं. दुसऱ्या दिवशी ९ आली. एका आईनं तोंडावरच सांगितलं, "तुमच्या घरचं वारं लागते मॅडम, रागावू नका."

म्हणून मला तो कागद हवा होता. नवरा म्हणायचा, "पोरगी वाचली न, आता कागद कायले पायजे?" त्यांना कसं सांगू, २२ मधल्या ९ जणांसमोर बडबडगीतं म्हणताना कसं वाटतं ते.

आता खिडकीबद्दल. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, दवाखान्यानंच लेक परत दिली आहे. फक्त तिथल्या रिपोर्ट देणाऱ्या एका खिडकीबद्दल लिहिते.

पहिली खेप. ८५ किलोमीटर एसटीनं, बायकांना अर्धं तिकीट म्हणून बरं. खिडकीवरच्या दादांनी जाडजूड रजिस्टर चाळलं. "नाव नाही आहे बाई." मी सुटीचं कार्ड दाखवलं. "कार्ड बरोबर आहे, पण यात नाव नाही आहे न." पुढच्या आठवड्यात या.

दुसरी खेप. दादा रजेवर, त्यांच्या जागी बसलेले म्हणाले मला माहीत नाही.

तिसरी खेप. दादा होते. म्हणाले, हा रिसर्चचा नमुना होता, तो रिपोर्ट आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या मजल्यावर जा. दुसऱ्या मजल्यावर प्रोजेक्टच्या खोलीला कुलूप, ताई दुसऱ्या जिल्ह्यात घरभेटीला गेलेली. शेजारच्या खोलीतल्या मुलानं कॉम्प्युटर उघडून बघितलं आणि सांगितलं, रिपोर्ट तर खाली पाठवलाय. कधी? महिना होत आला. म्हणजे पुण्यानं काम केव्हाच संपवलं होतं! मी जिना उतरून परत खिडकीवर. दादांचं जेवण. तीन वाजता खिडकी उघडली. "वरचे काहीही सांगतात." शेवटची गाडी पाचची, ती धरायला पळाले.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, बुधवारी जाऊ नका. तिथे बुधवारी बालरोगाची मोठी ओपीडी असते, खिडकीपर्यंत पोचायलाच दीड वाजतो. आणि डबा न्या. बाहेरच्या सांबारवडीनं माझंच पोट बिघडलं एकदा.

चौथी खेप लिहायच्याही लायकीची नाही. सर्व्हर बंद.

पाचव्या खेपेला मी भांडले. अंगणवाडीत आम्ही रजिस्टरं भरून भरून म्हाताऱ्या होतो, वजन, उंची, दंडाचा घेर, पोषण आहार, वर मोबाईलमध्ये वेगळं. म्हटलं दादा, मला रजिस्टर दाखवा, मी रकाने वाचते. ते म्हणाले, दाखवता येत नाही, दुसऱ्यांची नावं असतात. खरं तर बरोबरच होतं त्यांचं. पण त्या दिवशी मला ते बरोबर वाटलं नाही. मी बाकावर बसून रडले. पाणी दिलं ते एका अनोळखी आजोबांनी.

घरी येऊन एमआरआयच्या मोठ्या पिशवीतले सगळे कागद जमिनीवर मांडले. फिल्मच्या मागे ते माहितीपत्रक चिकटलेलं. पाचव्या पानावर लिहिलं होतं की तपासणीचा निष्कर्ष पालकांना कळवला जाईल. सहाव्या पानावर दोन फोन नंबर, एक मुख्य संशोधकांचा आणि एक एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा. ही कमिटी संशोधनात घेतलेल्या माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवते. तक्रार करायची तर इथे करा, असं मराठीत स्वच्छ छापलेलं. दोन महिने ते माझ्याच घरात खिळ्याला टांगलेलं होतं.

सकाळी साडेदहाला फोन लावला. एक बाई बोलल्या, शांत आवाज. नाव विचारलंच नाही. "पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात वर पेनानं नंबर लिहिलाय का?" लिहिला होता. जिल्हा, वर्ष, अनुक्रमांक. चाळीस मिनिटांत त्यांचा उलटा फोन आला, रिपोर्ट सापडला. रजिस्टरमध्ये नाव "चिमी", आणि वयाच्या रकान्यात ८ वर्षांच्या जागी ८ महिने. माझी तिसरीतली पोरगी तान्ह्या बाळांच्या पानावर होती. दादा दर खेपेला तिसरीतल्या मुलीचं आधारवरचं नाव मोठ्या मुलांच्या पानांवर शोधत होते. शोधत तरी होते, एवढं म्हणते.

वर्षं आणि महिने यांच्यात मी रोज डोळे फोडते. एका अक्षराची चूक मी एका नजरेत पकडली असती, हा अभिमान अजून जात नाही.

सहाव्या खेपेला कागद हातात पडला. पीसीआर, चंडिपुरा, पॉझिटिव्ह. ताई त्या दिवशी भेटली. तिनं समजावलं की विषाणू स्वतः रक्तात सापडतो तो पहिल्या थोड्या दिवसांतच, म्हणून सुरुवातीच्या नळीला एवढं महत्त्व. नंतर शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधावी लागतात, त्यासाठी काही आठवड्यांनी दुसरं रक्त. नाव ऐकून मी विचारलं, हे चंडिपुरा कुठलं? म्हणाली, आपल्या नागपूरकडचंच गाव. १९६५ साली तिथल्या तापाच्या साथीत पुण्याच्या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला, तेच नाव पडलं. पुढे कित्येक वर्षं कुणी याला फारसं मोजलं नाही. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ गेली, तेव्हा सगळे जागे झाले. २००७ मध्ये साथ आपल्याच नागपूर विभागात होती, २०२४ मध्ये गुजरातेत. हे आकडे मी रात्री मोबाईलवर परत शोधून वाचले आणि उठून पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मला हवी होती ती ओळ मात्र ताईनं हातानं वेगळ्या कागदावर लिहून दिली. हा आजार वाळूमाशी चावल्यानं होतो, एका मुलापासून दुसऱ्याला होतो असं आढळलेलं नाही. वाळूमाशी डासापेक्षा कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते, भिंतीच्या भेगेत आणि ओल्या शेणामातीत वाढते. औषध लावलेली मच्छरदाणी वापरा, भेगा लिंपा. मी तो कागद अंगणवाडीच्या दारावर चिकटवला, वजनाच्या तक्त्याशेजारी. चार दिवसांत हजेरी १७ वर आली. वाऱ्याचं बोललेली आईही आली. आल्यावर म्हणाली, "भेगा शेणानं लिंपल्या तर चालते का मॅडम?" मी म्हटलं, मातीत चुना घाल, शेण नको.

आणखी काही, आठवेल तसं. झटका आला की घड्याळ बघा, किती मिनिटं चालला ते डॉक्टर दहादा विचारतात, आणि जमलं तर कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी, तिच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. आम्ही चंपी करून नेलं होतं, परत पाठवलं. शिवाय त्या रात्री लेकराला उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगतात, तिथे झोप लागावी म्हणून. अभ्यासाच्या खेपांचं एसटीचं भाडं मिळतं, पण तिकिटं जपून ठेवा. खिडकीच्या पाच खेपांचं मिळालं नाही, मी विचारलं होतं.

तीन महिन्यांची तपासणी सुरळीत झाली. कान ठीक आहेत, झटक्याचं औषध चालू आहे, चित्रं जुळवायला लावली ती जुळवली, फक्त लिहिण्याचा वेग कमी झालाय. दुसरं रक्त घ्यायचं राहिलं होतं, तेही त्या दिवशी ठरलं. माझी सही झाली. मग डॉक्टर मॅडम पोरीकडे वळल्या. सात वर्षांपुढच्या मुलांना त्यांचंही विचारावं लागतं म्हणे.

"थोडं रक्त घेऊ का? तू हो म्हणालीस तरच."

पोरीनं विचारलं, "नाही म्हटलं तर?"

"तर नाही घेणार."

तिनं थोडा विचार केला. "मग आज नाही. पुढच्या वेळी."

मॅडमनी खरंच तसं लिहिलं आणि सुई ट्रेमध्ये परत ठेवली. ८५ किलोमीटर आणि एका दिवसाची रजा पाण्यात गेली म्हणून मी जिन्यातच तिला रागावले. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं न मला." पुढची तारीख संक्रांतीनंतर आहे. तिनं अट घातलीय, सुई डाव्या हातात, आणि कागदावर नाव ती स्वतः लिहिणार, पूर्ण.