चार बटणांवर काय लिहायचं?

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना सुरू झाला तो वजनकाट्यांच्या कीपॅडवर. खाली सिलिकॉन रबराचं पॅड, वर प्लास्टिकची कॅप, कॅपवर आकडा. पुढे वैद्यकीय उपकरणांची कामं मिळू लागली. दुसऱ्यांच्या यंत्रांची बटणं करता करता हातात मावणारं स्वतःचं गेमिंग यंत्र काढायचं धाकट्या भावाच्या मनाने घेतलं आणि मलाही ते पटलं. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं: स्वतः छोटे गेम लिहिणारी कॉलेजची मुलं आणि जुन्या धाटणीचे नवे गेम बनवणारी हौशी मंडळी.

पडदा, बॅटरी, सर्किट भराभर ठरलं. गाडी अडली ती उजव्या अंगठ्याखालच्या चार बटणांपाशी.

वजनकाट्यावरचा ७ सगळीकडे ७च असतो. इथे तसं नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३च्या फॅमिकॉम या गेमिंग यंत्रावर ए उजवीकडे आणि बी त्याच्या डाव्या हाताला ठेवला. १९९०च्या सुपर फॅमिकॉमवर चार बटणं आली तेव्हाही ए उजवीकडेच राहिला. बी खाली, एक्स वर, वाय डावीकडे. सेगाच्या ड्रीमकास्टवर (१९९८) आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर (२००१) मात्र ए खाली आणि बी उजवीकडे. पडद्यावर ‘ए दाबा’ आलं की अंगठा कुठे जाणार, हे खेळणारा कुठल्या यंत्रावर वाढला त्यावर ठरतं. सोनीने १९९४मध्ये प्लेस्टेशनवर अक्षरंच टाळून त्रिकोण, गोल, फुली, चौकोन आणले. तिथेही जपानमध्ये होकारासाठी गोल आणि अमेरिकेत फुली, हा भेद २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ येईपर्यंत चालला.

मला मनापासून अ, ब, क, ड हवे होते. परीक्षेतल्या पर्यायांमुळे मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते पाठ. पण या यंत्रावर चालणारे गेम जगभरातले लोक लिहितात, त्यांतल्या सूचना ए-बीमध्येच येणार. नुसत्या रंगांवर भागवायलाही मी तयार नव्हतो. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी खेळायचं कसं? आमच्या मंडळींचा ओढा फॅमिकॉम-सुपर फॅमिकॉमच्या काळातल्या, जुन्या आठ आणि सोळा बिटच्या खेळांकडे, म्हणून शेवटी निन्टेंडोचा क्रम घेतला. आतल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अक्षरं ठेवलीच नाहीत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या बटणांना दिशांची नावं आहेत, साउथ, ईस्ट, नॉर्थ, वेस्ट. तीच आम्ही वापरतो.

मग आमचा हातखंडा विषय आला. छापलेलं अक्षर घामाने आणि घासून उडतं, हे आम्ही बाजारातून दुरुस्तीला येणाऱ्या काट्यांवर वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यामुळे खर्च वाढला तरी दोन रंगांचं मोल्डिंगच करायचं ठरवलं. अक्षर दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचं आणि कॅपच्या आतपर्यंत गेलेलं. कॅप झिजली तरी ते दिसतच राहतं.

गोल कॅप जागच्या जागी फिरते आणि अक्षर तिरकं होतं. ते रोखायला तिच्या कडेला एक छोटा दात लागतो. साचे बनवणाऱ्या आमच्या टूलरूमचा आग्रह होता की चारही कॅपचे दात वेगवेगळ्या जागी द्या, म्हणजे जोडणीत ए-बीची अदलाबदल होणारच नाही. कारखान्याच्या हिशेबाने ते अगदी बरोबर. तरी आम्ही चारही दात एकाच जागी ठेवले. ज्याला एक्सबॉक्सची सवय आहे त्याने चार स्क्रू काढावेत, कॅप अदलून बसवाव्यात आणि सेटिंगमध्ये क्रम बदलावा. यंत्र त्याचं आहे, बटणंही त्याच्या मनासारखी हवीत. जोडणीतल्या चुकांसाठी आम्ही वेगळं जिग, म्हणजे कॅप लावून ठेवायची चौकट, बनवलं; त्यात चारही खाचांवर अक्षरं कोरली आहेत, कॅप आधी तिथे लागतात आणि मगच यंत्रात जातात.

आमच्या यंत्रासाठी गेम लिहिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. सूचनेत नुसतं अक्षर देऊ नका. चार ठिपके काढा आणि दाबायचा तेवढा भरून दाखवा. कॅप कुणी कशाही बसवल्या असल्या तरी ते चित्र बरोबरच ठरतं.