मॅकरोनी आणि निळी अंडी

कॅनडातल्या एका तळ्यातल्या बेटांवर पाणकावळ्यांची घरटी मोजायला आम्ही निघालो होतो. विनिपेगहून विनिपेगोसिस गावापर्यंतचा रस्ता सरळसोट, सांगण्यासारखं काही नाही. पहिले दोन दिवस वाऱ्यानेच खाल्ले. गावाच्याच नावाचं हे तळं पाच हजार चौरस किलोमीटरहून मोठं, पण उथळ. वारा सुटला की बघता बघता लाटा उसळतात. बोट काढता येईना. कानाशी डास आणि पायांवर गोचिड्या, एवढंच.

तिसऱ्या सकाळी पाणी निवळलं. बेट नीट दिसायच्या आधीच त्याचा वास आला, सडक्या माशांचा आणि विष्ठेचा. बेटावर झाड एकही नाही. जमिनीवरच काटक्यांची घरटी, एकाला खेटून एक. दुहेरी तुऱ्याच्या पाणकावळ्यांची. आमच्या प्रमुख बाईंनी बजावलं, "पंधरा मिनिटं. त्यावर एकही नाही."

मोजलेल्या प्रत्येक घरट्यात कच्च्या मॅकरोनीचा एक तुकडा टाकायचा. मागून दुसरी जोडी येते, मॅकरोनी असलेली आणि नसलेली घरटी वेगळी मोजते, आणि पहिल्यांच्या नजरेतून किती सुटली याचा अंदाज बांधता येतो. मला ही युक्ती फार आवडली. रंग नको, प्लास्टिक नको, पावसात आपोआप विरून जाते.

आम्ही उतरलो आणि पाणकावळे एकदम उठले. त्याच क्षणी कुरव, म्हणजे सीगल, खाली आले. माझ्यापासून दहा फुटांवर एका कुरवानं चुन्याचा थर चढलेलं फिकट निळं अंडं फोडलं. मी ओरडले, तो हललासुद्धा नाही. भिगवणला बोटीतून फेकलेली शेव झेलणारे कुरव मी किती कौतुकानं पाहिले होते! काही घरट्यांत नुकती बाहेर आलेली पिल्लं होती, काळी, उघडी, डोळे मिटलेली. उन्हात मान उंचावून गळा थरथरवत होती. त्यांना सावली आईबापांच्या अंगाचीच, आणि ती आम्हीच उठवली होती.

अशात आमच्यातला एक जण फोटोसाठी एकाच घरट्यापाशी बसून राहिला. तेवढ्या वेळात त्याच्या मागची तीन घरटी रिकामी झाली. मला संताप आला, पण मी गप्प बसले. ते अजून सलतं.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पांढरे पेलिकन होते. तिकडे पाऊल टाकायचंच नाही. बिचकले तर अख्खी वसाहत अंडी सोडून जाऊ शकते. ते बोटीतून, दुर्बिणीतूनच मोजले. १९७८ साली कॅनडात हा पक्षी धोक्यातल्यांत गणला गेला होता, १९८७ साली त्या यादीतून निघाला. कोणी मोजलेच नसते तर हे कशाच्या आधारावर ठरलं असतं? पाणकावळ्यांचा आकडा तर आणखी गरजेचा. जाळ्यात मासे कमी आले की इथले मच्छीमार आधी त्यांच्याकडेच बोट दाखवतात.

चौदाव्या मिनिटाला आम्ही बोटीत होतो. थोडं लांब गेलो तसा पहिला पाणकावळा घरट्यावर उतरला, मग दुसरा, मग मोजता येईनात इतके.

पुढच्या बेटापर्यंत पोहोचलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. प्रमुख बाईंनी बोट किनाऱ्याला लावलीच नाही. खिशातली उरलेली मॅकरोनी मुठीत धरून मी लांबूनच ते काळे ठिपके बघत राहिले. मला हायसं वाटलं.