केनियाहून परतल्यावर पुण्यात भाड्याचं घर: सोसायटीच्या ‘परवानगी’चा माझा अनुभव

केनियातून कायमचं परत यायचं ठरलं तेव्हा आम्हाला काळजी मुलांच्या शाळेची होती. घराचं काय, पुण्यात पैसे टाकले की घर मिळतं, असं सगळेच सांगत होते. शाळेचं पटकन जमलं, बँक आणि गॅसही पुढे झरझर झाले. घराने मात्र आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला. मिशनसेवेतून परतणाऱ्या इतर कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितेय. आणि खरं सांगायचं तर त्या सोसायटीच्या ऑफिसातला मनस्ताप अजून उतरलेला नाही, म्हणूनही.

मी नर्स. माझे यजमान चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर. केनियातल्या किसुमू शहरापासून आत एका गावात मिशनचा दवाखाना आहे, तिथे मी प्रसूती विभागात होते आणि हे मंडळ्यांचं, म्हणजे चर्चच्या स्थानिक उपासक-समाजांचं काम पाहत. राहायला दवाखान्याच्या आवारातच क्वार्टर होतं. भाडं नाही, वीजबिल मिशन भरायचं. ह्यांचं बालपणही नगरला मिशन कंपाउंडमध्येच गेलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली, आणि तेव्हापासून कित्येक पाळकांची, शिक्षकांची, नर्सेसची आयुष्यं मिशनच्या घरांतच निघाली. सासरे निवृत्त झाले तेव्हा पार्सनेज, म्हणजे चर्चने पाळकाला दिलेलं घर, सोडावं लागलं, आणि स्वतःचं घर नव्हतं. आमचंही तेच झालं. इतकी वर्षं संसार केला, पण आमच्या नावावर ना घर, ना कधी भाडं भरल्याची पावती, ना कसलं कर्ज. घरमालकाच्या दृष्टीने अशा कुटुंबाचा मागचा इतिहासच नसतो.

सासूबाई आजारी, नगरला दिरांकडे. म्हणून पुण्यात नगर रस्त्याच्या बाजूला घर पाहायचं ठरवलं. खराडी, विमाननगर आमच्या आवाक्याबाहेर. चंदननगरला एक-दोन घरं बरी वाटली, पण मांसाहार चालणार नाही असं एजंटने फोनवरच सांगितलं. मग वाघोली. वाघोली 2021 पासून पुणे महापालिकेत आहे, पण पाण्याचे हाल अजून आहेत, त्यामुळे भाडी थोडी कमी. तिथे घर पाहताना भाड्याच्या आधी टँकरचं विचारा. मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च धरलाय की वेगळा, उन्हाळ्यात तो कोण भरतो, हे करारात लिहून घ्या. आम्ही पाहिलेल्या एका घराचं भाडं चांगलं कमी होतं, पण टँकरचे पैसे मिळवल्यावर ते शेजारच्या महागड्या इमारतीइतकंच पडत होतं.

म्हाडाचंही पाहिलं. पुणे मंडळाच्या सोडतीला उत्पन्न गटाप्रमाणे अर्ज करता येतो, आमचं उत्पन्न सर्वांत खालच्या गटात बसतं. पण त्याला डोमिसाइल लागतं, उत्पन्नाचा पुरावा लागतो, आणि सोडत निघेपर्यंत डोक्यावर छप्पर हवंच. कागद गोळा करायला आत्तापासून लागलोय. भाड्याच्या घराची निकड मात्र त्याने भागत नाही.

तोवर आम्ही पुण्यातल्या एका मिशन गेस्ट हाउसमध्ये होतो. तिथले लोक प्रेमाने वागले, पण अशा जागा थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी असतात. नंतर येणाऱ्यांची नावं आधीच लागलेली असतात. मुलं दोन बॅगांतून कपडे काढायची आणि परत त्यातच ठेवायची. थोरलीने एकदा विचारलं, “आई, पुस्तकं कधी बाहेर काढायची?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

घर शेवटी एजंटकडून मिळालंच नाही. रविवारी उपासनेनंतर मंडळीत सांगितलं, आणि महिला मंडळातल्या एका मावशींच्या ओळखीने वाघोलीतला फ्लॅट कळला. दोन बेडरूम, तिसरा मजला, मालक निवृत्त शिक्षक. भाडं 18 हजार, डिपॉझिट 60 हजार. काका-काकू दोघंही भेटले, काकूंनी चहा केला, मुलांची विचारपूस केली. पाच हजार टोकन देऊन आम्ही निघालो. आता झालंच म्हणून मी मिशनला फोन करून सामानाचा टेम्पोसुद्धा विचारला.

काका म्हणाले, “तेवढी सोसायटीची परवानगी घेऊन टाका. फॉर्म भरायचा असतो.”

सगळं अडकलं ते इथे.

सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड. सेक्रेटरी संध्याकाळी सातनंतर भेटायचे. त्यांनी दिलेला फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स काढून इतका फिका झाला होता की खालच्या दोन ओळी वाचताच येत नव्हत्या. नाव, मूळ गाव, कुटुंबातली माणसं, वाहन, ‘शाकाहारी / मांसाहारी’, आणि व्यवसाय. मावशींच्या मुलाने आधीच सांगितलं होतं की व्यवसायात ‘सामाजिक कार्य’ लिहा, विषय मिटतो. ह्यांनी ते ऐकलं नाही, आणि मलाही ते पटलं नसतं. ज्या कामासाठी आम्ही मुलांना घेऊन परक्या देशात गेलो, ते पुण्यात येऊन लपवायचं कशाला? ह्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘ख्रिस्ती पाळक, मिशनरी. पत्नी नर्स.’

सेक्रेटरींनी ती ओळ वाचली, फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाले, “हे कमिटीपुढे ठेवावं लागेल.”

कमिटीची बैठक कधी, तर सांगता येत नाही. चेअरमन गावाला गेलेत. पुढच्या खेपेला गेलो तर चेअरमन आले होते, पण खजिनदार नव्हते. मग बैठक झाली, पण “तुमचा विषय राहिला.” दर वेळी आम्ही गेस्ट हाउसवरून वाघोलीला जायचो, नगर रस्त्याच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. दर वेळी नवा प्रश्न. पगार कोण देतं? परदेशातून पैसे येतात का? घरात प्रार्थनासभा भरवणार का? किती माणसं येणार? आधी कुठे राहत होता, तिथल्या सोसायटीचं पत्र आणा. किसुमूच्या आत दवाखान्याच्या आवारात सोसायटी नव्हती, हे मी शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, “मग मागचा भाडेकरार आणा.” तोही नव्हता.

पगाराच्या प्रश्नाने मी सगळ्यात जास्त थकले. आमच्यासारख्यांना पगार नसतो. वेगवेगळ्या मंडळ्या दर महिन्याला मदत पाठवतात, ती मिशनच्या भारतातल्या खात्यात जमते, आणि तिथून आमच्या खात्यात. कोणी पन्नास रुपये देतं, कोणी हजार. त्यात नगर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या विधवा बायका आहेत, ज्या कोंबड्या विकून दानाचं पाकीट भरतात. त्याची सॅलरी स्लिप कुठून आणायची? सेक्रेटरींपुढे बसून हे सांगताना माझा आवाज चढला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या बायकांच्या पैशाकडे कोणी संशयाने बघावं हे मला सहन होत नव्हतं.

प्रार्थनेबद्दल ह्यांनी सरळ सांगितलं: “शुक्रवारी संध्याकाळी दोन-तीन कुटुंबं येतील, गाणी म्हणू, प्रार्थना करू, नऊच्या आत संपेल. तुमच्याकडे सत्यनारायण असला की आम्हीही येऊ.” त्यावर टेबलापलीकडून हो-नाही काहीच आलं नाही.

दुसरं घर बघा, असं मिशनच्या लोकांनीही सुचवलं. पण तोवर जून तोंडावर आला होता आणि शाळा वाघोलीतलीच घेतली होती. टोकन अडकलं होतं ते वेगळंच. पुढचा फ्लॅट मिळाला तरी तिथेही असाच फॉर्म असणार होता.

कोंडी फुटली ती एका वकीलभावांमुळे. मंडळीतलेच, सहकारी सोसायट्यांचं काम करतात. त्यांनी विचारलं, “परवानगी मागताय कशाला? कळवायचं असतं.” 2014 च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये, 43 क्रमांकाचा उपविधी आहे. सभासदाला आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवायचं, आणि मग कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. या सोसायटीने हेच उपविधी स्वीकारलेले होते, काकांच्या कपाटात छापील पुस्तक पडून होतं. तुमच्या बाबतीत आधी मालकाला हे पुस्तक शोधायला सांगा, कारण जुन्या उपविधींवर चालणाऱ्या सोसायट्याही आहेत. सभासद मालक असतो, भाडेकरू नाही. म्हणून कळवायचंही त्यानेच. भाडेकरूने ऑफिसात जाऊन बसण्यात काही अर्थच नसतो. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मुलांची पुस्तकं लवकर बाहेर निघाली असती.

काकांना पत्र लिहायला सांगणं मला जड गेलं. त्यांना त्याच इमारतीत पुढची वर्षं काढायची होती, त्याच लोकांत. पण ते म्हणाले, “घर माझं, भाडेकरू मी निवडलाय. माझे विद्यार्थी असते तर पट्टीच काढली असती.” त्यांनी स्वतः हाताने पत्र लिहिलं, उपविधीचा क्रमांक घातला, दोन प्रती नेल्या आणि एका प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन आले. ती पोच फार महत्त्वाची. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि तरीही अडवणूक झाली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, असं वकीलभाऊ म्हणाले होते. आमच्यावर ती वेळ आली नाही. आठ दिवस उलटले, कमिटीकडून एक अक्षर आलं नाही, आणि काकांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी तिथेच, त्यांच्या दारात रडले.

त्याच पत्रासोबत आम्ही मिशनच्या लेटरहेडवरचं एक पत्र जोडलं होतं: आम्ही किती वर्षं सेवेत आहोत, दरमहा किती रक्कम मिळते, ती पुढेही मिळत राहील. सोबत बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. परत येणाऱ्यांनी हे पत्र निघण्याआधीच मागून घ्यावं. आणि मिशनला तेव्हाच स्पष्ट विचारावं की परत आल्यावरचं घरभाडं मदतीत धरलंय का. आमचं धरलेलं नव्हतं, कारण इतकी वर्षं क्वार्टर होतं. 18 हजार नव्याने उभे करायला ह्यांना मंडळ्यांना पत्रं लिहावी लागली.

करार झाला तो एका दुपारी. पण त्यातलं एक सांगायचं राहिलं, ते आधार आणि मोबाइलचं. परदेशात जाताना भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, रिचार्ज करत राहा. माझा आधारला जोडलेला नंबर केव्हाच दुसऱ्या कोणाला गेला होता, करारासाठी लागणारा ओटीपी येईना, आणि आधार केंद्रात रांग लावून नंबर बदलावा लागला. अंगठ्याचाही पर्याय असतो, पण दिवसभर हात धुणाऱ्या नर्सच्या बोटांचे ठसे मशीनला पहिल्या फटक्यात सापडत नाहीत.

नोटरी केलेल्या करारावर समाधान मानू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्च एजंट सांगतात तितका नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याजही धरतात. आमच्या अकरा महिन्यांच्या कराराला ते पाचशेच्या आसपास बसलं, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. वर करून देणाऱ्याची मजुरी. नोंदणीकृत करार हातात असला की गॅस, शाळा, बँक, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालतो. आमची बाकीची कामं त्यामुळेच झरझर झाली. हां, बँकेला परत आल्याचं कळवून एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं) खातं साधं करून घ्या, भाडं त्यातून देणं सोपं पडतं.

सोसायटीने मालकाकडून भाडेकरू ठेवल्याबद्दल जास्तीचे पैसे मागितले तर त्यालाही मर्यादा आहे: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काकांकडे आधी याहून बरंच जास्त मागितलं होतं. मालकावर पडलेला असा बोजा शेवटी भाड्यात येतो, म्हणून आपणही हे माहीत करून घ्यावं.

शुक्रवारची प्रार्थना सुरू आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी परवा सासऱ्यांचं बीपी बघायला मला बोलावून गेल्या, आता जिन्यात ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात. सेक्रेटरी अजून नजर चुकवतात. करार मेमध्ये संपतोय. काकांशी आत्ताच बोलून ठेवलंय, आणि या वेळी पत्र मार्चमध्येच द्यायचं ठरलं आहे, पोच घेऊन.