गुडघा आणि नेमान्या विदिच

सोमवार, रात्र

ऑपरेशनला आज तेरा दिवस झाले. सकाळी फिजिओ येऊन गेला. पलंगावर पाय पसरून टाच हळूहळू मागे ओढायची, दहा आकडे धरायचं, सोडायचं. "दादा, श्वास रोखू नका," असं तो दर वेळी सांगतो आणि मी दर वेळी रोखतो. आज गुडघा साठ अंशांपर्यंत वाकला. नव्वद झाले की कुबड्या सुटतील.

दुपारी झोप लागेना म्हणून मोबाइलवर जुने सामने काढले. ७ डिसेंबर २०११, बासेल. तो सामना मी तेव्हा थेट पाहिला होता. आपल्याकडे सव्वा वाजला होता रात्रीचा, घरात सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. मँचेस्टर युनायटेडला चॅम्पियन्स लीगमध्ये टिकायला हरून चालणार नव्हतं आणि ते २-१ ने हरले. मला मात्र निकालापेक्षा मध्यांतराच्या जरा आधीचा क्षण आठवतो. बासेलच्या श्ट्रेलरशी टक्कर झाली आणि युनायटेडचा बचावपटू विदिच उठला नाही. तो हमखास उठायचा. भुवई फाटली, नाकातून रक्त आलं, डोक्याला पट्टी बांधली, तरी उठायचा आणि पुढचा कॉर्नर आला की त्याच डोक्याने चेंडू बाहेर फेकायचा. त्या रात्री त्याने उजवा गुडघा धरला आणि तो पडूनच राहिला. मी अंथरुणातून उठून टीव्हीजवळ जाऊन बसलो होतो.

त्याचं लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटलं होतं. तेव्हा लिगामेंट म्हणजे काय हे मला नीट माहीतही नव्हतं. आता माहीत आहे. माझाही उजवाच.

मंगळवार

आई विचारत होती, "कोण रे हा, दिवसभर बघतोयस?" मी म्हटलं, सर्बियाचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मध्ये उभा राहून हल्ला अडवणारा. तिला स्टॉपर हा शब्द ठाऊक आहे, कोल्हापुरातल्या फुटबॉलवाल्या घरात तो ठाऊक असतोच. गोल करणाऱ्याला लोक शाहू स्टेडियममध्ये खांद्यावर घेतात, स्टॉपरचं नाव गोल खाल्ला की निघतं. मी बारा वर्षं तिथे उभा राहिलो, म्हणून विदिच माझा.

उझित्से हे त्याचं गाव. पश्चिम सर्बियातलं, डोंगरांच्या कुशीत, जेतिन्या नदीकाठी वसलेलं. १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या युरोपात पार्टिझनांनी, म्हणजे नाझींशी लढणाऱ्या गनिमांनी, काही आठवडे एक मुक्त मुलूख राखला होता, त्याची राजधानी हेच गाव. तिथे २१ ऑक्टोबर १९८१ ला त्याचा जन्म. तिथल्याच क्लबांत खेळायला सुरुवात केली आणि पोरवयातच बेलग्रेडला रेड स्टार क्लबच्या युवा संघात दाखल झाला. १९९९ च्या वसंतात नाटोची विमानं अठ्ठ्याहत्तर दिवस त्या देशावर बॉम्ब टाकत होती, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मी सतरा वर्षांचा असताना माझी मोठी चिंता म्हणजे नवे बूट. त्या वयात त्या शहरात राहून सरावाचा विचार करणं कसं असेल, हे मी बरेचदा मनात आणून पाहतो. येत नाही मनात.

पुढे एक मोसम सुबोतित्साच्या स्पार्ताककडे उसना गेला, परत येऊन रेड स्टारचा कर्णधार झाला, २००४ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले आणि मॉस्कोच्या स्पार्ताककडे गेला. तिथून दीड वर्षात मँचेस्टर.

बुधवार

सूज उतरलेली नाही. बर्फाची पिशवी वीस मिनिटं, पाय उशीवर.

आज चौघांबद्दल लिहायचं आहे. गाव्रानचिच, विदिच, क्रस्तायिच, द्रागुतिनोविच. सर्बिया आणि माँटेनेग्रोची ती बचावफळी. २००६ च्या विश्वचषकासाठी पात्रता फेरीत दहा सामने झाले, गटात स्पेन होता, बेल्जियम होता, शेजारचा बोस्निया होता. दहा सामन्यांत या संघाने किती गोल खाल्ले? एक. गटात पहिले आले, स्पेनला प्लेऑफ, म्हणजे पात्रतेसाठीची जादा लढत, खेळावी लागली. फुटबॉलमधली माझी सगळ्यात लाडकी आकडेवारी हीच. एखाद्या स्ट्रायकरच्या पन्नास गोलांपेक्षा मला तो एक आकडा मोठा वाटतो, कारण तो चौघांचा आहे, त्यांच्यामागच्या गोलकीपरचा आहे, पुढे धावून दमलेल्या मधल्या फळीचा आहे.

आणि मग जर्मनीतला तो जून. ३ जूनला माँटेनेग्रोने स्वातंत्र्य जाहीर केलं, म्हणजे पहिला सामना खेळायच्या आधीच हा संघ ज्या देशाचा होता तो देश उरला नव्हता. एकाच झेंड्याखाली, एकच राष्ट्रगीत म्हणून, दोन देशांची माणसं मैदानात उतरली. विदिच पहिल्या सामन्याला निलंबित होता. त्यातून मोकळा व्हायच्या आत सरावात गुडघा दुखावला आणि त्याची स्पर्धाच संपली. एक मिनिटही खेळला नाही. नेदरलँड्सकडून १-०, अर्जेंटिनाकडून ६-०, आयव्हरी कोस्टकडून ३-२. दहा सामन्यांत एक गोल खाणाऱ्यांनी तीन सामन्यांत दहा खाल्ले.

तो असता तर सहा गोल झाले नसते असं मी पूर्वी ठामपणे म्हणायचो. आता म्हणत नाही. पण गेल्सेनकिर्शेनच्या त्या दुपारी बाहेर बसून त्याने काय पाहिलं असेल, ते आता मला जास्त कळतं. गेल्या रविवारी आमच्या संघाचा सामना मी घरी पडून फोनवर ऐकला. धाकटा भाऊ मैदानातून सांगत होता. तिसरा गोल झाल्यावर तो सांगायचा थांबला.

बरं, त्याच्या देशाचं नाव तर बघा. २००२ मध्ये नेपल्सला इटलीविरुद्ध पहिला सामना खेळला तो युगोस्लाव्हियाकडून. मग सर्बिया आणि माँटेनेग्रोकडून. मग सर्बियाकडून. माणूस तोच, जागा तीच, छातीवरचं चिन्ह दोनदा बदललं.

शुक्रवार

काल लिहिलं नाही. पंचाहत्तर अंशांवर अडकलो होतो आणि बोलायचीही इच्छा नव्हती.

आज मँचेस्टरची वर्षं पाहिली. जानेवारी २००६ मध्ये साधारण सत्तर लाख पौंडांत आला. त्याच महिन्यात बचावपटू एव्राही आला. दोघांनाही सुरुवातीचे महिने जड गेले, इंग्लंडमधला वेग अंगवळणी पडायला वेळ लागला. पुढच्या मोसमात मात्र तो आणि रिओ फर्डिनांड ही जोडी बसली ती बसलीच. फर्डिनांड चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून तिथे जाऊन उभा राहायचा, विदिच आलेल्या चेंडूवर तुटून पडायचा. स्टॉपरच्या जोडीत एकाने जायचं आणि एकाने मागे थांबायचं असतं. ज्याने जायचं, त्याच्या अंगावर जखमा राहतात. मी आमच्याकडे जाणारा होतो. थांबणारा माझा जोडीदार आजही चांगला खेळतोय, आणि मला त्याचा आनंद आहे.

२००८-०९ च्या लीगमध्ये युनायटेडने सलग चौदा सामन्यांत गोल खाल्ला नाही. गोलकीपर व्हॅन डेर सार १,३११ मिनिटं अभेद्य राहिला. त्या मोसमाचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून विदिचची निवड झाली आणि २०१०-११ ला पुन्हा झाली. त्याच पहिल्या मोसमात १४ मार्चला ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूलने ४-१ ने हरवलं. उंच आलेला चेंडू त्याने एक टप्पा पडू दिला, टोरेसने तेवढ्यात तो काढून घेतला आणि गोल. नंतर जेरार्डला पाडलं म्हणून लाल कार्ड. लिव्हरपूलविरुद्ध लीगमध्ये त्याला चार लाल कार्डं मिळाली. मी ती क्लिप आज मुद्दाम तीनदा पाहिली. चेंडू टप्पा खाऊ देणं ही स्टॉपरची सगळ्यात जुनी चूक, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. आणि जगातल्या त्या वर्षीच्या उत्तम बचावपटूकडून ती झाली, सगळ्या जगासमोर. पुढच्या आठवड्यांत तो पुन्हा डोकं पुढे करून चेंडूवर गेला. मला त्याच्याबद्दल जे वाटतं ते सगळं त्या पुढच्या आठवड्यांमुळे वाटतं.

मॉस्कोची अंतिम लढत आज पाहायची राहिली. लुझ्निकी, मे २००८. स्पार्ताकसाठी ज्या मैदानावर खेळला, तिथेच युरोपचा करंडक.

रविवार

ब्याऐंशी.

हांदानोविचचं लिहितो. हे मला कधीपासून कुणाला तरी सांगायचं होतं.

११ ऑक्टोबर २०११, मारिबोर. सर्बियाला युरो चषकाच्या प्लेऑफसाठी स्लोव्हेनियाला हरवायचंच होतं. १-० ने मागे. पेनल्टी मिळाली. ती मारायला पुढे कोण आला? स्टॉपर. विदिच. स्लोव्हेनियाचा गोलकीपर हांदानोविचने अडवली. सामना गेला, युरो गेला, आणि त्यानंतर त्याने देशाकडून खेळणं थांबवलं. छप्पन्न सामने. दोनच महिन्यांनी बासेल. एका हिवाळ्यात माणसाकडून किती काढून घ्यायचं असतं?

साडेआठ महिन्यांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, तो एव्हर्टनच्या मैदानावर परत उभा राहिला. महिन्याभरात त्याच गुडघ्याची गादी फाटली, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा दोन महिने. तरी मे २०१३ मध्ये, प्रशिक्षक फर्ग्युसनच्या शेवटच्या मोसमात, कर्णधार म्हणून लीगचा करंडक त्याच्या हातात होता. युनायटेडकडून बरोबर तीनशे सामने खेळून २०१४ मध्ये तो इंटर मिलानला गेला.

इंटरचा गोलकीपर होता समीर हांदानोविच.

लीगमधला पहिलाच सामना तोरिनोविरुद्ध. विदिचच्या चुकीने तोरिनोला पेनल्टी मिळाली. आणि ती हांदानोविचने अडवली. ज्या हातांनी मारिबोरला त्याचा देश बाहेर काढला होता, त्याच हातांनी इथे त्याची चूक पुसली. शेवटी लाल कार्डही मिळालं, पण सामना ०-० राहिला. हे कुणी रचून सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं.

मग पाठीने साथ सोडली. पाठीचं ऑपरेशन, एकही सामना नाही, जानेवारी २०१६ मध्ये करार संपवला आणि त्याच महिन्यात निवृत्ती. दुखापतींनी आपली किंमत वसूल केली असं त्याने साधेपणाने सांगितलं. वय चौतीस. मी या श्रावणात चौतीसचा होईन.

डॉक्टरांनी मला विचारलंय की पुन्हा मैदानात उतरायचंय का, कारण त्यावर पुढचे व्यायाम ठरतील. मी उत्तर दिलेलं नाही. रात्री भाऊ पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "दादा, तू नुसता बाहेर उभा राहून ओरडलास तरी चालंल." मी त्याला मारिबोरची पेनल्टी दाखवली आणि लगेच तोरिनोची. त्याने दोन्ही पुन्हा लावायला सांगितल्या.

मंगळवार

सकाळी नव्वद. फिजिओने कोनमापक ठेवून दोनदा मोजलं. आई दारात उभी होती. कुबडी भिंतीला टेकवून मी खिडकीपर्यंत चालत गेलो. फिजिओला म्हटलं, डॉक्टरांना सांगा, धावायचे व्यायामसुद्धा लिहून द्या.