पन्नास ग्रॅम चिरमुरे

अकरावीला सायन्स घेतलं आणि दहावीपर्यंतचं ‘क्षपण’ एका रात्रीत ‘रिडक्शन’ झालं. चाचणीत केमिस्ट्रीचे मार्क गडगडले, तेव्हा घरी सांगितलं, इंग्रजीमुळं जातंय. साफ खोटं होतं ते. इंग्रजी शब्द महिन्याभरात तोंडात बसले होते. मोल म्हणजे काय, हेच कळलं नव्हतं.

गणित असं होतं : २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? मी बघितलं, हायड्रोजन कमी आहे, म्हणजे तोच आधी संपणार. मग समीकरण मांडून त्रैराशिक केलं, उत्तर आलं साधारण ५६.७ ग्रॅम. खाली दोन रेघा मारल्या. पेपर परत आला तेव्हा सरांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं : “३८ ग्रॅम माल भरला, ५७ ग्रॅम विकला. दुकान जोरात!”

आमचं कोल्हापुरात मंगळवार पेठेत किराणा-भडंगाचं दुकान होतं, हे सरांना माहीत होतं. तास संपल्यावर त्यांनी बोलावलं. वाटलं, आता कान धरणार. पण ते म्हणाले, “खुळ्या, आज दुकानात बस. तराजूत पन्नास ग्रॅम शेंगदाणे घे, पन्नास ग्रॅम चिरमुरे घे. दोन्ही मोज. वजन नव्हे, नग.”

मी बसलो. शेंगदाणे शंभराच्या आसपास भरले, पाच मिनिटांचं काम. चिरमुऱ्यांचा मात्र परातीत डोंगर झाला. दहा-दहाच्या ढिगल्या करत गेलो. पंख्यानं दोनदा उडाल्या. बाबा गिऱ्हाईक करता करता माझ्याकडं बघत होते, पण काही बोलले नाहीत. बाराशेच्या पुढं गेलो तरी डोंगर अर्धासुद्धा उतरला नव्हता. तिथंच हात थांबला आणि डोक्यात काहीतरी हललं. हायड्रोजन हा चिरमुरा आहे! वजनाला काही नाही, नगाला ढीगभर.

रेणू एकमेकांना भेटतात ते नगावर, किलोवर नाही. नायट्रोजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन लागतात. रेणू हातानं मोजता येत नाहीत, म्हणून मोल. अंड्यांना डझन, तसा रेणूंना मोल, फक्त आकडा अवाढव्य : ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. नायट्रोजनचा एक मोल भरतो २८ ग्रॅम, हायड्रोजनचा अवघा २. म्हणजे माझ्या गणितात नायट्रोजन होता एक मोल आणि हायड्रोजन तब्बल पाच. एकाला तीनच लागणार. नायट्रोजन आधी संपला, ४ ग्रॅम हायड्रोजन उरला, अमोनिया झाला ३४ ग्रॅम. ३४ अधिक ४, ३८. गल्ला जुळला. लिमिटिंग रिएजंटचं, म्हणजे आधी कोण संपणार याचं, गणित त्यानंतर माझं कधी चुकलं नाही.

बारावीला रासायनिक समतोलानं परत घाम फोडला. समतोल म्हणजे सगळं थांबलं, असं मी धरून चाललो होतो. सरांनी उदाहरण मागितलं तर मोठ्या ऐटीत सांगितलं, “खासबागेत दोन पैलवान अडकून बसतात तसं.” वर्ग हसला. सर म्हणाले, “त्यात या पैलवानाचा तो पैलवान होतोय का? इथं नायट्रोजन-हायड्रोजनचा अमोनिया होतोय आणि त्याच वेगानं अमोनिया परत फुटतोय.” मग ते आम्हाला अंबाबाईच्या देवळात घेऊन गेले, म्हणजे बोलण्यातून. मिनिटाला पन्नास माणसं आत, पन्नास बाहेर. आतली गर्दी तेवढीच दिसते, पण माणसं तीच नसतात.

माझी खरी अडचण उत्प्रेरकाची, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाची होती. ‘उत्प्रेरकानं समतोलातला अमोनिया वाढतो का?’ याला मी दोनदा ‘हो’ लिहून आलो होतो. सर म्हणाले, “महाद्वार उघडं आहेच, आता घाटी दरवाजाही उघडला. लोक भराभर आत येतील, तसेच भराभर बाहेरही जातील. आत किती राहतील?” तेवढेच! गर्दी जमायला वेळ कमी लागेल, इतकंच.

मी उलट विचारलं, ही अभिक्रिया उष्णता देते, मग थंडात अमोनिया जास्त मिळायला पाहिजे, कारखान्यात चारशे-साडेचारशे अंश सेल्सिअस कशाला तापवतात? सर म्हणाले, “थंडात जास्तच मिळेल. पण कधी? तुझ्या नातवाच्या लग्नात.” वेग हवा म्हणून तापवायचं, लोखंडाचा उत्प्रेरक घालायचा आणि उष्णतेनं कमी पडलेलं दाब वाढवून भरून काढायचं. चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाबाखाली पारडं अमोनियाकडं झुकतं.

ऑक्सिडेशनचं फार सांगत नाही. हुपरीच्या पैंजणावर चढणारा काळा थर ऑक्साइड नसून चांदीचा सल्फाइड, म्हणजे गंधकाशी झालेलं संयुग आहे, तरीही चांदीचं ऑक्सिडेशनच झालेलं असतं, कारण तिनं इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. हे ऐकलं त्या दिवशी ‘ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिजन’ हे खूळ डोक्यातून गेलं.

बोर्डात केमिस्ट्रीला ८१ पडले. पेढे द्यायला जायच्या आधीच सर भडंग घ्यायला दुकानात आले. बाबांनी पुडीचा कागद हातात घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “सर, वजनावर देऊ का मोजून?”